आंबिलीचे मडके

वायव्य चीनमधील कान्सू प्रांतात, लान्चौ व थ्येनश्वेई या शहरांकडे, उन्हाळ्यात आंबट रसातील शेवया आवडीने खातात. शेवया उकडल्यावर उरलेले पाणी तेथील गृहिणी फेकून देत नाही. त्यात पालेभाजी घालून ती ते आंबविते आणि तोच रस शेवयांवर ओतते. दह्याला विरजण लागते तसे नव्या रसाला जुन्या रसाचे लागते. घरातले संपले तर शेजारणीकडून आणावे लागते.

शेवयांचा हा प्रकार आपल्या परिचयाचा नाही. त्यामागील शहाणपण मात्र पैनगंगेच्या काठी जुनेच आहे. आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी घरी त्याचे नाव आंबील, तेलुगू घरी अंबली. जोंधळ्याचे पीठ रात्री पाण्यात कालवून मडक्यात ठेवावे, सकाळी आधणात सोडून शिजवावे आणि मीठ व ताक घालून प्यावे. कृती एवढीच, पण रात्रभरात सूक्ष्म जीवाणू पिठात आम्ल तयार करतात, त्यामुळे अपायकारक जंतूंची वाढ रोखली जाते आणि धान्यातील लोह अंगी लागणे सुलभ होते. वैशाखात पारा 45 अंशांकडे झुकतो, तेव्हा शेतकऱ्याला या पेयाचा मोठा आधार वाटतो.

1956 साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली. आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले, तर त्याच जिल्ह्यातील किनवट व राजुरा मुंबई राज्यात आले. 2014 साली आदिलाबाद तेलंगणाचे झाले. सीमा बदलल्या, आंबील दोन्ही तीरांवर राहिली.

तिला खरा धोका आहे तो शेतातच. काळ्या जमिनीत कपाशी पसरली आणि जोंधळा मागे हटला. ताटात स्वस्त धान्य दुकानातील तांदूळ आला. यात शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. मुलांची फी आणि सावकाराचे देणे रोख पैशानेच फिटते. परंतु कपाशीचा भाव कोसळला, तर ती चुलीवर शिजविता येत नाही. जोंधळा माणसाला भाकरी देतो आणि बैलाला कडबा.

संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. वर्ष सरले, धान्याची गरज सरली नाही. कपाशीच्या शेतात जोंधळ्यासाठी चार तास राखून ठेवले, तरी घरचे मडके रिकामे राहणार नाही. मडके फुटले तर बाजारात दुसरे मिळते. आईच्या हातून मुलीच्या हाती आलेली आंबविण्याची रीत मात्र एकदा तुटली, की ती विकत मिळत नाही.