जुन्या ऑर्गनचा नवा जन्म

ध्वनिफितीवर किंवा आकाशवाणीवर जुने नाट्यसंगीत ऐकताना गायकाच्या स्वरामागे एक गोल, गंभीर नाद सतत वाहत असतो. पैनगंगेच्या अलीकडे, आदिलाबादेत, संगीत नाटक प्रत्यक्ष न पाहता वाढलेल्या माझ्यासारख्याला तो बाजाच्या पेटीचाच आवाज वाटे. पुढे एका चर्चमध्ये पायाने भाता हलवून वाजवायचा ऑर्गन पाहिला, त्याची एक पट्टी दाबली आणि ओळख पटली. मिस्सेच्या गीतांना साथ करणारे आणि मराठी रंगभूमीवर पदांना साथ करणारे वाद्य एकच होते.

तो ऑर्गन आता मुका झाला आहे. भात्याचे कापड विरले, आतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढला आणि दुरुस्त करणारा कोणी मिळाला नाही. गेल्या नाताळात एका माजी विद्यार्थ्याने आपला संगणक आणला, त्याला लहानसा कीबोर्ड जोडला आणि त्यातून ऑर्गनचा नाद काढला. पुढच्या रांगेतील एका आजींनी लगेच कोपऱ्यातल्या जुन्या वाद्याकडे वळून पाहिले. ते दुरुस्त झाले, अशीच त्यांची समजूत झाली!

ही किमया कशी घडते, ते थोडक्यात पाहू.

विजेवर चालणाऱ्या ऑर्गनांत सर्वांत नावाजलेला हॅमंड. शिकागोचे लॉरेन्स हॅमंड हे घड्याळांचे कारखानदार होते. त्यांनी 1935 साली बाजारात आणलेल्या वाद्यात ना नळ्या होत्या, ना भाता. एका मोटारीवर धातूची दातेरी चाके फिरत. प्रत्येक चाकाजवळ तारेचे वेटोळे घातलेले लोहचुंबक असे. दाते त्याच्यापुढून सरकले की तारेत विजेची लहर उठे आणि तीच ध्वनिवर्धकातून स्वर होऊन बाहेर पडे. पुढे प्रसिद्धीस आलेल्या बी-थ्री या नमुन्यात अशी 91 चाके होती. नऊ दांड्या कमीअधिक खेचून वादक स्वराचा रंग पालटीत असे. नळ्यांचा प्रचंड ऑर्गन ज्यांना परवडत नव्हता, अशा अनेक चर्चनी हे वाद्य घेतले. जाणकारांनी मात्र नाके मुरडली. मोठ्या पाइप ऑर्गनची बरोबरी करीत असल्याच्या जाहिरातींवरून अमेरिकेच्या व्यापार आयोगापुढे तक्रार चालली आणि 1938 साली आयोगाने तसले दावे करण्यास मनाई केली. ज्याची नक्कल आज एवढ्या निष्ठेने केली जाते, ते वाद्यही एके काळी नक्कल म्हणूनच हिणवले गेले होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

चाकांचे हे ऑर्गन बनवणे 1970 च्या दशकाच्या मध्यात थांबले. बाक व पायपट्ट्या धरून त्याचे वजन चारशे पौंडांहून अधिक, आणि त्यात सुटे भाग मिळेनासे झाले. तेव्हा संगणकाच्या जाणकारांनी दोन वाटा धरल्या. एक म्हणजे प्रत्येक स्वर मुद्रित करून ठेवायचा आणि पट्टी दाबताच तो ऐकवायचा. दुसरी म्हणजे चाके, चुंबक व दांड्या यांचे वर्तन गणितात मांडून स्वर त्या क्षणी निर्माण करायचा. ‘सेटबीफ्री’ हा विनामूल्य प्रोग्राम या दुसऱ्या वाटेचा. मौज अशी की, पट्टी दाबताना होणारा ‘टक्’ असा आवाज आणि शेजारच्या चाकांचा झिरपणारा पुसट नाद हे मुळात यंत्राचे दोष होते. नव्या प्रोग्रामात तेच दोष मोठ्या काळजीने घातले जातात. कारण ते वगळले की जुना वादक मान हलवतो आणि म्हणतो, ‘हा तो नव्हे.’

आपल्याकडचाही एक दाखला आहे. 1954 सालच्या ‘नागिन’ या हिंदी चित्रपटातील पुंगी ज्यांनी ऐकली, त्यांपैकी किती जणांना ठाऊक होते की ती पुंगी नव्हतीच? हेमंतकुमारांच्या त्या संगीतात कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन हे विजेचे वाद्य वाजवले होते. नाग डोलवणारा स्वर यंत्रातून आला खरा. परंतु त्यात प्राण ओतला तो कल्याणजींच्या बोटांनी.

आता आपल्या ऑर्गनकडे वळू. बालगंधर्वांच्या साथीला हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान तिरखवाँ यांचा तबला असे, तो काळ सरला. गायक श्वास घेण्यास थांबला असता पदाचा धागा तुटू न देणे, ही त्या ऑर्गनवादकाची कला. तो नाद जपण्याचे साधन आज आपल्या हाती आहे. ‘ग्रँडऑर्ग’ नावाच्या विनामूल्य प्रोग्रामात आपण स्वतः मुद्रित केलेल्या वाद्याचे स्वर भरता येतात. पाच सप्तकांचा ऑर्गन म्हटला म्हणजे 61 पट्ट्या. एकेक खटका ओढून, प्रत्येक पट्टी काही सेकंद दाबून तिचा स्वर शांत खोलीत मुद्रित करावा. हे काम धीराचे आहे, पण अवघड नाही.

मात्र एक अट आहे. मुक्या वाद्याची नक्कल करता येत नाही. नाताळच्या त्या रात्री आम्ही ऐकला तो कोणा दूरदेशीच्या ऑर्गनचा आवाज होता. कोपऱ्यातल्या आमच्या ऑर्गनचा आवाज कोणीच टिपून ठेवला नव्हता, आणि आता तो टिपताही येणार नाही. आजींची चूक सुधारण्याचे धैर्य मला झाले नाही.

म्हणून, श्रोतेहो, ज्यांच्या घरी, नाट्यगृहात वा चर्चमध्ये असा ऑर्गन अजून बोलतो आहे, त्यांनी तो बोलता असतानाच त्याचे स्वर टिपून घ्यावेत. आणि तो वाजवणारे वडीलधारे हात अजून असतील, तर त्यांनाही आदराने बोलावून त्याच्यापुढे बसवावे. संगणक स्वर जपील, पण तो कोठे उचलावा आणि कोठे सोडावा, हे त्या हातांकडूनच शिकावे लागेल.