नुकसानभरपाई : दवाखान्याच्या बिलापलीकडे

(अमरावती येथील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



अपघात झाला की आपल्याकडे आधी बैठक बसते. ट्रॅक्टरवाला म्हणतो, "दवाखान्याचं बिल मी भरतो, केस करू नका." घरचे पुरुष मान हलवतात. जिचा हात मोडला, तिला कोणी विचारत नाही. म्हणून बिलापलीकडे काय काय मागता येते, ते आज बघू.

राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात २०१० साली सुप्रीम कोर्टाने जखमीच्या भरपाईच्या बाबी नीट मांडून दिल्या. पहिल्या गटात पैशांत मोजता येणारे नुकसान येते : औषधपाणी, गाडीभाडे, सकस आहार, अंथरुणावर असताना बुडालेली मजुरी, कायमचे अपंगत्व आले तर पुढे बुडणारी कमाई, आणि पुढे लागणारे उपचार. दुसऱ्या गटात वेदना व मानसिक धक्का, जगण्यातल्या सुखाला मुकणे आणि आयुष्य घटणे या बाबी येतात. लग्न जुळण्याची शक्यता कमी होणे, हीसुद्धा यातच धरतात. लग्न हे बाईच्या आयुष्याचे माप आपण मानत नाही. तेव्हा मुलीचा दावा त्या एकाच बाबीवर उभा राहू देऊ नका, तिच्या कमाईचा हिशेब आधी मांडा.

साध्या दुखापतीत उपचारखर्च, बुडालेली मजुरी आणि वेदना एवढ्याचीच भरपाई मिळते. बाकीच्या बाबींसाठी जखम गंभीर असावी लागते आणि डॉक्टरचा पुरावा लागतो.

याच निकालातला एक मुद्दा आपल्या फार कामाचा आहे. डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळपास सगळी बुडू शकते, कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते, असे कोर्टाने म्हटले. आता कापूस वेचणारीचा विचार करा. तिची मजुरी किलोवर. दोन्ही हातांची बोटे चालली तरच ओटी भरते. दाखल्यावर वीस टक्के अपंगत्व लिहिले, म्हणून तिची कमाई वीसच टक्के बुडाली असे होत नाही. हे कोर्टापुढे सांगावे लागते.

मूर्तिजापूरकडच्या एका बाईसोबत मी अकोल्याला वकिलाकडे गेले होते. वकिलाने विचारले, "तुम्ही काय करता?" ती म्हणाली, "काही नाही जी, घरीच रायतो." ही बाई निंदणीला, वेचणीला जात होती, घरी म्हशींचे करत होती, अंथरुणाला खिळलेल्या सासूला सांभाळत होती. तिचे ते "काही नाही" तसेच अर्जात गेले असते, तर भरपाईही तशीच आली असती.

घरकामाची किंमत कोर्टाने मानली आहे. १९८९ मध्ये जमशेदपूरला लागलेल्या आगीच्या प्रकरणात, २००१ साली, सुप्रीम कोर्टाने ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींच्या कामाचे मोल महिना ३,००० रुपये धरले. २०२१ च्या कीर्ती खटल्यात कोर्टाने सरकारी पाहणीचे आकडे पुढे ठेवले : बिनमोल घरकामात बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते, पुरुष ९७. हे दोन्ही निकाल मृत्यूच्या प्रकरणांतले आहेत. पण हात मोडलेल्या बाईचेही तेच काम थांबते. त्याच तत्त्वावर तिनेही मागावे.

आता आपला रस्ता. जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकले, त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आपल्या मजूर बाया मात्र आजही ट्रॉलीत आणि मालाच्या गाडीत कोंबून शेतावर नेल्या जातात. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा २००२ चा निकाल आहे. म्हणून गाडी कोणाची, बाया कोणाच्या कामावर होत्या, मजुरी कोण देत होते, हे पहिल्या दिवशीच लिहून घ्या. दावा मालकावरही करा.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करायला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. अपघात कुठेही होवो, आपण राहतो त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो. चूक कोणाची ते सिद्ध न करता मागायचे असेल, तर कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आहेत. ठोकर मारून गाडी पळाली, तिचा पत्ताच लागला नाही, तर सरकारी योजनेतून अनुक्रमे २ लाख आणि ५० हजार मिळतात. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या कायद्याने प्रत्येक बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. ते अमरावतीत आहे, अकोल्यातही आहे.

आपापल्या गावच्या बैठकीत एवढे तीन नियम करा. औषधाची प्रत्येक चिठ्ठी पिशवीत ठेवायची. बाईला न विचारता तडजोडीच्या कागदावर कोणी अंगठा घ्यायचा नाही. आणि भरपाईचे पैसे तिच्या स्वतःच्या खात्यातच जमा व्हायला हवेत.