लहान तुकडा शेवटी कापावा

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षानिमित्त लखनौ येथे झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



लखनौच्या चिकनकामाची कीर्ती सर्वदूर आहे. परंतु टाका घालण्यापूर्वी कापडावर जी वेल उमटते ती लाकडी ठशाने, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. ठसा निळीत भिजवून कापडावर दाबतात, त्या रेघांवरून कशिदा भरतात आणि अखेरीस कापड धुतले की निळी निघून जाते. टाका राहतो, ठसा विस्मरणात जातो. शिसमसारख्या घट्ट लाकडाच्या लहानशा ठोकळ्यावर इतक्या बारीक रेघा कोरूनही कारागिराची बोटे शाबूत कशी राहतात? घरच्या घरी खेळणी करताना लाकडाचे लहान तुकडे सुरक्षितपणे कसे कापावेत, या आजच्या विषयाचे मूळ याच प्रश्नात आहे.

ठसा कोरणारा पान किंवा पाकळी सुटी करून हातात धरीत नाही. ती ठोकळ्याच्या अंगालाच चिकटलेली असते; तो केवळ तिच्या भोवतालचे लाकूड काढतो. वाराणसीचे खरादी लाकडी खेळणी करतात, त्यांचीही रीत अशीच. दांडा फिरत असतो, त्याच्या टोकाला आकार दिला जातो, फिरत्या लाकडावरच लाखेचा रंग चढतो आणि सर्व झाल्यावर खेळण्याचा भाग दांड्यापासून तोडला जातो. सावंतवाडीच्या रंगीत लाकडी फळांनी ज्यांचे बालपण सजले, त्यांना कातकामाची ही जात अपरिचित नाही. या कारागिरांच्या रीतीतून एकच नियम निघतो: लहान भाग मोठ्या लाकडाला जोडलेला असतानाच पूर्ण घडवावा आणि अलग करण्याचे काम सर्वांत शेवटी करावे.

यामागील कारण साधे आहे. दोन इंचांचा तुकडा बोटांत धरून त्यावर करवत चालवली की बोटे पात्याजवळ येतात. करवतीच्या रेट्याने तुकडा फिरतो किंवा उचलला जातो. तो निसटू नये म्हणून मूल मूठ आवळते आणि त्याबरोबर करवतीच्या हाताचाही जोर नकळत वाढतो. अशा वेळी पाते उडाले, तर ते धरलेल्या बोटावरच येते. लांब लाकूड मात्र बाकाला आवळून बसवता येते. मग धरण्याचे काम हाताकडे उरतच नाही.

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि मुले चाकांवरचे लाकडी बैल मिरवीत नेतात. असा बैल घरी करायचा, तर त्याची चार चाके हीच पहिली परीक्षा. त्यासाठी सुमारे ४ सेंटिमीटर व्यासाचा आणि ३० सेंटिमीटर लांबीचा वाळलेला गोल दांडा घ्यावा. तो व्हाइसमध्ये किंवा सी-क्लॅम्पने बाकाला घट्ट आवळावा व टोक थोडेच बाहेर ठेवावे. प्रथम टोकाच्या मध्यभागी दीड सेंटिमीटर खोल भोक पाडावे. मग कड कानशीने व पॉलिश कागदाने गुळगुळीत करावी. टोकापासून १ सेंटिमीटरवर कागदाची पट्टी गुंडाळून रेघ आखावी, रेघेवर कानशीने बारीक खाच पाडावी, म्हणजे करवत घसरत नाही. त्यानंतरच करवत चालवावी. शेवटच्या काही फेऱ्यांत जोर कमी करावा. सुटणारे चाक हाताने झेलू नये, खाली जुने कापड अंथरावे. असे एका वेळी एकच चाक करावे. दांडा वीतभर उरला की त्यातून आणखी चाके काढण्याचा मोह टाळावा. बोटांच्या मोलापुढे तेवढे लाकूड स्वस्तच आहे.

बैलाचे कान व शिंगे पातळ पट्टीच्या टोकावर आखावीत. लाकडाचे तंतू कानाच्या लांबीच्या दिशेने यावेत. आडवे आले तर शेंडा मोडतो. त्रिकोणी खाच पाडलेली एक फळी बाकाला आवळून, तिच्यावर पट्टी ठेवून बारीक पात्याच्या कोपिंग सॉने वळणे कापावीत. पट्टीचे लांब टोक धरलेला हात पात्यापासून दूर राहतो. कान पट्टीवर असतानाच घासून घ्यावा व मग तोडावा.

हत्यार बोथट असेल तर ते अधिक धोक्याचे, कारण बोथट पात्याला जोर जास्त लागतो आणि जोराचा हात आवरता येत नाही. विजेवर फिरणारी करवत मुलांच्या हाती देऊ नये. तिच्या पात्यात सापडलेला लहान तुकडा वेगाने उडतो. सैल बाह्या व ओढणी आवरून घ्यावी, डोळ्यांवर चष्मा असावा, भुसा फुंकण्याऐवजी कुंचल्याने झाडावा. जुन्या खोक्यांच्या फळ्यांतील खिळे आधी काढावेत. बागेतील कण्हेरीची फांदी कितीही सरळ दिसली तरी ती विषारी आहे. खेळण्यासाठी ती वर्ज्य.

धोका कापण्यापाशी संपत नाही. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना सुरक्षिततेचे मानक सक्तीचे झाले. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्याचा सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात मावला, तर तो घशात अडकण्याचा धोका मानतात. घरच्या बैलाची तपासणी करायला कोणी येणार नाही. ती आईवडिलांनीच करायची. चाक ४ सेंटिमीटरचे घेण्याचे कारण हेच. कान व शिंगे मात्र लहान असतात, म्हणून असा बैल तान्ह्या भावंडाच्या हाती लागू देऊ नये.

काही घरांत या सर्व काळजीचा निष्कर्ष निराळाच निघतो. भीतीपोटी करवत माळ्यावर जाते. पण मुलाची करण्याची हौस माळ्यावर जात नाही. एखाद्या दुपारी ते स्वयंपाकघरातील सुरी घेते आणि काठीचा तुकडा मांडीवर धरून एकटेच कापू लागते. न शिकवलेला हात कधी ना कधी हत्याराला भेटतोच. तेव्हा शेजारी कोणी नसते, खरी चिंता ती आहे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगांत सुतारकामाला स्थान दिले. स्वीडनमध्ये ऑटो सालोमन यांनी त्याआधीच लाकूडकामाचे धडे सोप्याकडून अवघडाकडे रचले होते. घरीही तोच क्रम असावा: लहानग्याने पॉलिश कागदाने घासावे, थोड्या मोठ्याने आवळलेल्या लाकडावर करवत चालवावी, चाकू त्यानंतर, आणि प्रत्येक पायरीला वडीलधारे माणूस जवळ असावे.

१९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून याच लखनौत मॅरिस कॉलेज उभे राहिले. घराण्यांच्या कंठात राहिलेली विद्या त्यांनी स्वरलिपीत व क्रमवार पाठांत मांडली, म्हणून ती सामान्य विद्यार्थ्यापर्यंत पोहोचली. सुतार, कातारी आणि ठसा कोरणारे यांच्या हातांतील विद्याही अशीच धडा बनून शाळेत यायला हवी. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी ही हत्यारे आहेत, त्यांनी महिन्यातून एक शनिवार शाळेला द्यावा. एक बाक, दोन क्लॅम्प आणि चार मुले एवढ्यावर आरंभ होऊ शकतो.