हापशावरची खबर

आम्ही माणदेशातल्या एका वस्तीवरच्या बचतगटाच्या बाया. वस्ती म्हणजे केवढी, तर 27 घरं. काही ओढ्याच्या अंगाला, काही रानात आणि दोन-चार वर माळावर. आज आमच्या वस्तीची एक गोष्ट सांगायची आहे. चांगुलपणाची म्हणून नाही सांगत. आमचं चुकलं कुठं, ते सांगतो. तुमच्या वस्तीत तसं होऊ नये एवढ्याचसाठी.

आमच्या वस्तीच्या मधोमध एक हापसा आहे. पूर्वी सकाळी उजाडायच्या आत तिथं घागरींची रांग लागायची. उन्हाळ्यात हापसा उचक्या द्यायचा, तेव्हा टँकरची वाट बघत तासन्‌तास बसायचो. भांडणंही व्हायची. पण त्या रांगेत वस्तीची सगळी खबर मिळायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोराला ताप आला, कुणाचा मालक मुंबईहून आला. एखादी दोन दिवस पाण्याला आली नाही की तिसरी विचारायची, "आगं, वैनी दिसंना, बरी हाय न्हवं?" आणि घागर डोक्यावर तशीच घेऊन कुणीतरी तिच्या दारात जाऊन यायची.

दुसरी खबर धुराची. सकाळी घरोघरच्या चुली पेटल्या की धूर दिसायचा. ज्या घरातनं धूर निघाला नाही, तिथं काहीतरी बिघडलं, हे न सांगता कळायचं.

मग 2016 साली उज्ज्वला योजना आली, हळूहळू गॅस आला. 2019 साली जलजीवन मिशन जाहीर झालं आणि पुढं आमच्याही दारात नळ आले. हे सगळं चांगलंच झालं, बायांनो. धुरानं डोळे गेलेल्या सासवा आम्ही बघितल्यात. डोईवर पाणी आणून मान-कंबर मोडलेल्याही बघितल्यात. ते दिवस परत यावेत असं आम्ही कुणीच म्हणणार नाही. पण पाणी दारात आलं आणि खबर मात्र दारात आली नाही, हे आम्हाला उशिरा कळलं.

आमच्याकडची तरुण पोरं गलाईच्या धंद्यात लांब-लांब जातात. सोनं-चांदी गाळायचं काम. पार तमिळनाडू, बंगालपर्यंत आमच्या भागातली माणसं आहेत. काही मुंबईला माथाडीत. मागं राहतात म्हातारी माणसं. आमच्या 27 घरांपैकी पाच घरांत एकेकटं माणूस राहतं. चार आज्या आणि एक आजोबा.

त्यातल्या एक माळावरच्या आजी. 1972 च्या दुष्काळात नव्या नवरीच्या वयात खडी फोडलेली बाई. हात अजून दगडासारखे. एक शेळी, चार कोंबड्या, एवढाच संसार. आमचा गट निघाला तेव्हा पहिल्या दहा जणींत त्यांचं नाव होतं. पुढं दर महिन्याचे शंभर रुपये बचत त्यांना जमेना. दोन महिने थकले, तिसऱ्याला त्या आपणच म्हणाल्या, "माझं नाव कमी करा गं. तुमचा हिशोब बिघडाय नगो." आणि आम्ही कमी केलं. रजिस्टरात लाल रेघ मारली. नियमित बैठक, नियमित बचत, कर्ज, परतफेड, हिशोब ही पंचसूत्री आम्हाला तोंडपाठ होती. त्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं की नाव कमी केलेल्या बाईच्या घरी जायचं. मग आम्ही गेलोच नाही.

गेल्या पौषातली गोष्ट. कांदा काढणीचे दिवस. सकाळी सातला टेम्पो यायचा, आम्ही भाकरी बांधून जायचो, परत यायला दिवस मावळायचा. एका मंगळवारी दिवेलागणीला आजी न्हाणीपाशी घसरून पडल्या. उठता येईना. दोन-तीनदा हाक मारली. खालच्या घरात टीव्ही चालू होता. पौषातली थंडी तुम्हाला माहीत आहे. आजींनी हाताला लागलेलं रिकामं पोतं अंगावर ओढलं आणि रात्र काढली.

बुधवारी सकाळी त्यांची शेळी ओरडत होती. धार काढली नव्हती, चारा नव्हता. ते ओरडणं आम्ही टेम्पोत चढताना ऐकलं. एक नाही, पाच जणींनी ऐकलं. पण टेम्पोवाला घाई करत होता, आणि प्रत्येकीला वाटलं की दुसरी कुणीतरी बघेल. संध्याकाळी आम्ही परत आलो तेव्हा शाळेतनं आलेलं एक पोरगं म्हणालं, "आजीची शेळी कवापास्नं वरडतीया." तेव्हा आम्ही माळावर पळालो.

आजी शुद्धीवर होत्या. आम्हाला बघून पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "आधी शेळीला पाणी दावा."

डाव्या पायाचा पंजा बाहेरच्या अंगाला वळला होता आणि तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता. एकीनं तेलाची बाटली आणली, चोळून सरळ करू म्हणाली. तेवढ्यात आशाताई आल्या आणि त्यांनी हात धरला. बायांनो, हे नीट ध्यानात ठेवा. म्हातारं माणूस पडलं, पाय असा वळलेला आणि आखूड दिसला, उभं राहता येत नसेल, तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. तेल चोळायचं नाही, पाय ओढायचा नाही, उठवून चालवून बघायचं नाही. पायाला दोन्ही बाजूंनी गोधडीची घडी लावून हलणार नाही असा ठेवायचा, अंगावर पांघरूण घालायचं आणि 108 ला फोन करायचा. ती गाडी फुकट असते.

आम्ही फोन केला. गाडी आली, पण माळावर चढेना. वाट नुसती दगडाची. मग बाज आणली, आजींना सहा जणींनी अलगद उचलून बाजेवर घेतलं आणि डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. दवाखान्यात कागद मागितले. रेशनकार्ड, आधारकार्ड कुठं आहे, कुणालाच ठाऊक नाही. आजींना वेदनेनं आठवेना. रात्री दोघी परत येऊन ट्रंक उपसत बसल्या. शेवटी पिठाच्या डब्यामागं पिशवी सापडली. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी हेच कागद लागतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, आपलं ऑपरेशन योजनेत बसतं का, ते त्याला आधी विचारायचं.

ऑपरेशन झालं. लेक परगावाहून धावत आला. चांगला पोरगा आहे, त्याला बोल लावू नका. तो म्हणाला, "आई, चल माझ्याबरोबर." आजी म्हणाल्या, "तितं मला कोण वळीकतंय? मी हितंच बरी." हे ऐकून आम्ही खाली माना घातल्या. कारण इथं ओळखणाऱ्या आम्ही होतो, आणि एक रात्र, एक दिवस आम्हाला पत्ता नव्हता.

आजी वॉकर धरून घरी आल्या, त्यानंतरच्या बैठकीत बचत बाजूला ठेवली आणि एवढंच बोललो. हापसा गेला, धूर गेला, तर आता खबर कशी कळायची? फोन कर म्हणणं सोपं आहे. पण जी न्हाणीत पडली तिचा फोन घरात चार्जिंगला असतो. मग आम्ही त्या पाचही जणांकडं गेलो आणि त्यांनाच विचारलं, तुम्ही बऱ्या आहात हे आम्हाला लांबून कसं कळेल?

माळावरच्या आजी म्हणाल्या, सकाळी उठले की तुळशीवर लाल फडकं टाकीन, दिवा लावताना काढीन. ते खालच्या चार घरांतनं दिसतं. दुसऱ्या आजी म्हणाल्या, मी दारात सडा टाकते, तो सुका दिसला की या. तिसऱ्या म्हणाल्या, मी सात वाजता रेडिओ मोठ्यानं लावीन, ऐकू आला नाही तर दार वाजवा. चौथ्या उंबऱ्यावर तांब्या ठेवतात. आजोबा बाहेरच्या खुंटीला टोपी अडकवतात.

प्रत्येक घराला दोन शेजारी नेमले. एक सकाळी बघणारी, एक संध्याकाळी. खूण दिसली नाही तर दुसऱ्या कुणाची वाट न बघता स्वतः जायचं, हा एकच नियम. टेम्पो उभा राहिला तर राहू दे. आता टेम्पोवालाच विचारतो, "बघून आला का?"

सगळं सुरळीत झालं असं नाही. तांब्यावाल्या आजी न सांगता लेकीकडं गेल्या. आम्ही दार वाजवलं, हाका मारल्या, शेवटी खिडकीतनं पोरगं आत सोडलं. आजी दोन दिवसांनी आल्या आणि आमच्यावरच उखडल्या, "म्या काय मेली व्हती व्हय?" आता गावाला जाताना त्या तांब्या शेजारणीच्या हातात देऊन जातात. आजोबांच्या दारात बायांनी रोज सकाळी जाणं काहींना खटकलं, तर तिथं शेजारच्या नवरा-बायको दोघांना नेमलं. आणि सड्यावाल्या आजींच्या सगळ्यात जवळचं घर बांधाच्या भांडणातलं. दोन्ही घरं सहा वर्षं बोलत नाहीत. अजूनही बोलत नाहीत. पण त्या घरची सून रोज सकाळी आपल्या दारातनं सडा बघते आणि पोराला पलीकडच्या घरी सांगायला पाठवते. भांडण बांधावर राहू दे म्हणाली, सडा तर दिसतोच की.

आणखी एक गोष्ट ठरवली. गटाच्या बैठकीत पहिली दहा मिनिटं वस्तीच्या खबरीची. कोण आजारी, कुणाला दवाखान्यात न्यायचंय, कुणाची पेन्शन अडली. आमच्या एका आजींची श्रावणबाळ योजनेची पेन्शन कधी लागूच झाली नव्हती, हे अशाच बैठकीत कळलं. वय 65 च्या पुढं आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत असेल तर तहसीलला अर्ज करता येतो, महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. अर्ज भरायला आमच्यातली शिकलेली सून बरोबर गेली.

पण खबर आणि चहाडी यांच्यात एक उंबरा आहे. तो आम्ही आखून घेतला. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या घरात कर्ज झालं, कोण माहेरी निघून गेली, हे त्या बाईनं स्वतः सांगितल्याशिवाय बैठकीत निघणार नाही. ज्या खबरीनं कुणाला मदत होते ती बोलायची, जिच्यानं नुसतं तोंड गोड होतं ती गिळायची. सुरुवातीला फार जड गेलं, खोटं कशाला सांगू! हापशावर आम्ही दोन्ही सारख्याच चवीनं सांगायचो.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. त्या सभेत आम्ही माळाची वाट मांडली. बाजेवर आजींना कसं आणलं ते सांगितलं. मुरूम पडला, पण निम्म्या वाटेपर्यंतच. उरलेल्या निम्म्यासाठी पुढच्या सभेत परत उभं राहणार आहोत.

आजींचं नाव परत गटात घ्यावं असं सगळ्यांना वाटलं. त्या बचतीशिवाय यायला तयार नव्हत्या. "फुकटचं नाव नगं मला." मग रजिस्टराच्या शेवटच्या पानावर आम्ही एक नवी यादी केली. तिच्यात पाच नावं आहेत आणि प्रत्येकापुढं कागद कुठं ठेवलेत, औषध कुठलं चालू, लेकाचा-लेकीचा फोन कुठला, हे लिहिलंय. आजींनी वर आणखी एक ओळ लिहायला लावली, "शेळीची धार कुणी काढायची?" तेही लिहिलं.

तुम्हाला एकच सांगणं. आज रेडिओ बंद केल्यावर आपल्या वस्तीची घरं बोटांवर मोजा. एकटं माणूस कुठल्या घरात आहे ते आठवा, आणि त्याला तुम्ही शेवटचं कधी बघितलं तेही आठवा. आठवत नसेल तर संध्याकाळची भाकरी थोडी उशिरा टाका, आधी जाऊन या. मदत पाहिजे असेल तर ज्येष्ठांसाठी 14567 हा फोन आहे. पण तो फोन लावायला आधी कुणाला तरी कळलं पाहिजे, आणि ते शेजारणीलाच कळतं.

आता आमच्या वस्तीची आजची खबर सांगतो आणि निघतो. ओढ्याकडच्या घरी म्हैस व्याली, रेडी झाली, खरवस घरोघर पोचला. आजोबांना खोकला आहे, औषध चालू आहे. सड्यावाल्या आजींची लेक बाळंतपणाला आली आहे, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. आणि माळावर तुळशीवरचं लाल फडकं आज उजाडायच्या आधीच दिसलं.

राम राम.