पुस्तकांतलें इंग्लंड आणि पायाखालचें इंग्लंड



इंग्लंड हा देश आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहण्यापूर्वींच वाचलेला असतो. यॉर्कशायरचें उघडें माळरान, सरोवरांचा प्रांत, दक्षिणेकडील कड्यांचा किनारा, यांचीं चित्रें पुस्तकांतून आपल्या मनावर इतकीं ठसलेलीं असतात कीं, तेथें प्रथम पाऊल टाकतांना आपण परक्या मुलखांत आलों असें वाटतच नाहीं. ग्रंथवेड्या प्रवाशाला यांत मोठा आनंद असतो, आणि एक धोकाहि असतो. ज्या पुस्तकानें त्याला तो प्रदेश दाखविला, तेंच पुस्तक पुढें त्या प्रदेशावर पडद्यासारखें पसरून राहतें. तें काय दाखवितें आणि काय झांकतें, हें चार ठिकाणीं थांबून पाहावें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

आरंभ यॉर्कशायरमधील हॉवर्थ या गांवापासून करूं. एमिली ब्राँटे हिची ‘वदरिंग हाइट्स’ ही कादंबरी १८४७ सालीं प्रसिद्ध झाली. तिचे वडील पॅट्रिक ब्राँटे हे या गांवचे धर्मोपदेशक. गांवापासून सुमारें तीन मैलांवर, माळाच्या उंचवट्यावर, टॉप विदेन्स नांवाच्या एका शेतघराच्या पडक्या भिंती उभ्या आहेत. कादंबरींतलें घर तें हेंच, अशा श्रद्धेनें देशोदेशींचे वाचक तेथवर चढून जातात. इतके कीं, पायवाटेच्या पाट्यांवर जपानी अक्षरेंहि लिहिलेलीं आहेत. धापा टाकीत वर पोहोंचावें, तों भिंतींत एक शिळा दिसते. हें घर धडधाकट उभें होतें तेव्हांहि कादंबरींतील वर्णनाशीं त्याचें साम्य नव्हतें. फार तर या जागेची कल्पना लेखिकेच्या मनांत असूं शकेल, असें ती शिळा सरळ सांगते. ती बसविली आहे ब्राँटे सोसायटीनेंच, १९६४ सालीं. भक्ताला देवळाच्या पायरीवरच खरें काय तें ऐकविणारे पुजारी विरळा!

परंतु हॉवर्थचें खरें दर्शन माळावर नाहीं, तें गांवांत आहे. पॅट्रिक ब्राँटे यांच्या खटपटीमुळें बेंजामिन बॅबेज हा सरकारी निरीक्षक तेथें आला आणि १८५० सालीं त्याचा अहवाल बाहेर पडला. उघडीं गटारें, अपुरे शौचकूप, दूषित पाणी आणि चढावर दाटीनें भरलेलें दफनस्थान, अशी त्या गांवाची स्थिति होती. शंभरांतील एकेचाळीसांहून अधिक मुलें वयाचीं सहा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच दगावत. मृत्युसमयींचें सरासरी वय सव्वीस वर्षेंहि नव्हतें. एमिली स्वतः १८४८ सालीं, तिसाव्या वर्षीं गेली. पॅट्रिक चौऱ्याऐंशी वर्षें जगले, पण त्यांचीं साहीहि अपत्यें त्यांच्या आधीं निघून गेलीं. कादंबरींत इतकीं माणसें ऐन तारुण्यांत कां मरतात, असा प्रश्न वाचकाला पडत असेल, तर त्याचें उत्तर केवळ लेखिकेच्या प्रतिभेंत नाहीं; तें गांवच्या विहिरींतहि आहे. ज्या वाचकाला माळावरचा वारा दिसला, पण हें पाणी दिसलें नाहीं, त्याची यात्रा अर्धीच झाली.

तेथून वायव्येस सरोवरांचा प्रांत लागतो. येथें पुस्तकांनीं निराळेंच कार्य केलें आहे. कवि वर्ड्स्वर्थ यानें या प्रदेशाचें एक मार्गदर्शक पुस्तक लिहिलें; त्याचा पहिला मजकूर १८१० सालचा. पुढें त्यांत, हा प्रदेश साऱ्या राष्ट्राची ठेव मानला जावा, असा उदार विचार त्यानें मांडला. मात्र १८४४ सालीं विंडरमिअरपर्यंत आगगाडी आणण्याची योजना निघतांच त्याच कवीनें तिला कसून विरोध केला. गिरण्यांच्या शहरांतून येणाऱ्या कामकऱ्यांच्या झुंडींचें त्याला भय वाटलें. ठेव राष्ट्राची खरी, पण राष्ट्रानें गाडीनें येऊं नये! १८४७ सालीं गाडी आलीच.

हा पेंच सुटण्यास हातभार लावला तो मुलांच्या पुस्तकांनीं. १८९५ सालीं नॅशनल ट्रस्ट ही संस्था निघाली. तिच्या तिघां संस्थापकांपैकीं रॉन्सली हे याच प्रांतांतील धर्मोपदेशक, आणि बीट्रिक्स पॉटर यांच्या घराण्याचे स्नेही. बाईंचें सशाच्या पिलाचें सुप्रसिद्ध पुस्तक १९०२ सालीं निघालें. पुस्तकांची मिळकत व एक वारसा यांच्या बळावर १९०५ सालीं त्यांनीं हिल टॉप हें शेत घेतलें, आणि मग एकामागून एक शेतें घेत त्या स्वतः मेंढ्या पाळूं लागल्या. १९४३ सालीं त्या वारल्या, तेव्हां ४,००० एकरांहून अधिक जमीन त्यांनीं ट्रस्टला दिली. आणि डोंगरावरील शेतांत तेथल्या जातीच्या हर्डविक मेंढ्याच राखाव्या, अशी इच्छाहि लिहून ठेविली. १९५१ सालीं हा प्रांत राष्ट्रीय उद्यान झाला. आज तेथील हिरव्या उतारांवर फिरतांना, आपल्या पायाखालच्या कांहीं जमिनीची किंमत लहान मुलांनीं पुस्तकें घेऊन चुकविलेली आहे, हें वाचकानें ध्यानांत ठेवावें.

आतां दक्षिणेस समुद्राकडे वळूं. लाइम रीजिस येथें ‘कॉब’ नांवाचा दगडी धक्का आहे. जेन ऑस्टेनच्या ‘पर्स्वेजन’ कादंबरींत लुइझा मस्ग्रोव्ह याच धक्क्याच्या पायऱ्यांवरून उडी घेते आणि पडते. त्या पायऱ्या कोणत्या, हें विचारीत वाचक आजहि येतात. ऑस्टेन स्वतः १८०४ सालीं येथें राहिली होती. एका मोडक्या झांकणाची किंमत ॲनिंग नांवाच्या कारागिरानें पांच शिलिंग ठरविली, असें तिनें पत्रांत लिहिलें आहे. हा ॲनिंग म्हणजे मेरी ॲनिंग हिचा सुतार पिता, असें मानतात. मेरी त्या वेळीं पांच वर्षांची होती. १८११-१२ च्या सुमारास याच किनाऱ्यावरील कड्यांतून तिनें व तिच्या भावानें इक्थिओसॉर या लुप्त जलचराचा सांगाडा शोधून काढला, आणि पृथ्वीच्या वयाविषयींच्या चर्चेला नवें बळ आलें. तरीहि लंडनच्या भूशास्त्र सोसायटीनें स्त्रियांना सभासदत्व दिलें तें १९१९ सालीं. मेरी तर १८४७ सालींच वारली होती. लाइममध्यें तिचा पुतळा उभा राहिला २०२२ सालीं. कादंबरीकर्तीची नजर धक्क्यावर होती. कड्याकडे पाहणारी पोर त्याच गांवांत वाढत होती. तो कडा आजहि ढासळतो. पावसानें माती सुटते, लाटा पायथा खातात, आणि जो आघात जमीन गिळतो तोच नवा सांगाडा उघडा करितो.

याच किनाऱ्यानें पूर्वेकडे गेलें म्हणजे ब्रायटन येतें. इंग्रजी कादंबऱ्यांत हें गांव मौजेचें. परंतु मराठी वाचक तेथें एक निराळेंच पुस्तक घेऊन जातो. १९०९ सालीं याच किनाऱ्यावर सावरकरांना ‘सागरास’ ही कविता स्फुरली. तेथें आपल्या कोंकणासारखी मऊ वाळू नाहीं. गोटेच गोटे आहेत, आणि समोर फ्रान्स आहे, हिंदुस्थान नाहीं. ही गोष्ट नकाशांत कळते, पण त्या गोट्यांवर उभें राहिल्यावर त्या कवितेंतलें अंतर किती होतें तें उमगतें. शेजारीं बसलेल्या इंग्रज ग्रंथप्रेम्याला त्याचा पत्ताहि नसतो.

म्हणून इंग्लंडांत फिरणाऱ्या वाचकाला एकच सुचवावेंसें वाटतें. पुस्तक आदल्या रात्रीं वाचावें, सकाळीं तें बिऱ्हाडीं ठेवून बाहेर पडावें, विहीर, मेंढरें, कडा, गोटे हें सारें पाहावें, आणि संध्याकाळीं परत येऊन तेंच पान पुन्हा उघडावें.