सज्ञानतेचे वय आणि द्यूताचे व्यसन
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात आसगाव येथे दिलेले व्याख्यान)



स्नेहसंमेलनाच्या मंगल प्रसंगी असा अमंगल विषय कशाला, अशी शंका कित्येकांच्या मनात आली असेल. ज्या घरात धानाचा पैसा येतो त्याच घरातून तो एका रात्रीत, कोणाच्याही दृष्टीस न पडता, मुलाच्या हातातील यंत्रामधून निघून जाऊ शकतो. म्हणून जेथे सर्व कुटुंबे एकत्र जमली आहेत तेथेच हा विषय काढणे मला उचित वाटते.

द्यूत आपल्याला नवे नाही. ऋग्वेदातील अक्षसूक्तात फाशांनी नागवलेल्या जुगाऱ्याचा विलाप आहे, आणि धर्मराजाची कथा तर आपल्या घरातील लहान मुलेही जाणतात. इतके दूर तरी कशाला जावे? पोळ्याच्या सुमारास रंगणारे पत्त्यांचे फड, दिवाळीनंतरच्या मंडईतील झंडीमुंडी आणि जंगलाच्या आडोशाला भरणारा कोंबडबाजार हे आपल्या झाडीपट्टीचेच प्रकार आहेत. त्यांचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही. परंतु त्या जुगाराला एक मर्यादा आपोआप पडत असे. तो उघड्यावर होई. मिसरूड न फुटलेला पोरगा फडाजवळ रेंगाळला तर कोणीतरी काका-मामा त्याला दटावून घरी पिटाळी. खिशातील पैसा संपला की डावही संपे. आज तो दटावणारा काका नाहीसा झाला, आणि खिशात नसलेला पैसा कर्जाऊ देणारा सावकार त्याच यंत्रात येऊन बसला!

कायद्याकडे वळू. आपला भंडारा जिल्हा पूर्वी मध्यप्रांतात होता आणि तेथे १८६७ चा सार्वजनिक जुगार अधिनियम लागू होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला. आज महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक अधिनियम चालतो. त्यात द्यूतासाठी कोणतेही किमान वय सांगितलेले नाही. बंदी सर्वांनाच आहे, मग वय कशाला सांगायचे? सर्वोच्च न्यायालयानेही १९५७ साली शब्दकोड्यांच्या बक्षीसस्पर्धांच्या खटल्यात निर्णय दिला की, जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापारच नव्हे. मात्र निव्वळ कौशल्याच्या खेळाला याच अधिनियमाने सूट ठेवली. १९६८ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला, १९९६ साली घोड्यांच्या शर्यतीही त्याच सदरात गेल्या. पुढे मोबाईलवरील पैशांच्या खेळांनी हीच वाट धरली. 'माझे वय अठरा पूर्ण आहे' एवढ्या एका खुणेवर दार उघडू लागले. ती खूण कोण करतो, हे पाहणारा तेथे कोणीही नव्हता.

अखेर संसदेने २०२५ साली ऑनलाइन खेळांचे प्रवर्तन व नियमन करणारा अधिनियम संमत केला आणि २२ ऑगस्ट रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळावयाच्या खेळांना त्याने, कौशल्याचे असोत वा दैवाचे, सरसकट बंदी केली. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला. जाहिरात करणाऱ्यासही शिक्षा ठेवली. परंतु खेळून फसलेल्याला अपराधी मानले नाही. हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपला मुलगा तुरुंगात जाईल या भीतीने आईबापांनी तोंड मिटून बसण्याचे कारण उरलेले नाही. अर्थात परदेशांतून चालणारी दुकाने एका कायद्याने आपोआप बंद होत नाहीत.

आता वयाचा प्रश्न. १८७५ च्या सज्ञानता अधिनियमाने अठरा पूर्ण झालेली व्यक्ती सज्ञान होते. अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्य, हे १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने ठरविले. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाला कायद्याचे कवच आहे. अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी त्याने केलेली सही त्याला बांधते! एका रात्रीत एवढे शहाणपण येते काय? आपल्याच राज्यात सौम्य बिअरसाठी एकवीस आणि कडक मद्याच्या परवान्यासाठी पंचवीस वर्षांची अट आहे. गोव्यातील कॅसिनोंत एकवीस वर्षांखालील तरुणाला प्रवेश नाही, आणि २०२० पासून खुद्द गोमंतकीयांनाच तेथे खेळण्यास मज्जाव आहे. आपल्या माणसांना काय अपाय होतो हे त्या सरकारला कळले आहे, असाच याचा अर्थ मी घेतो. इंग्लंडात जुगाराला मुभा आहे. तेथेही २०२५ साली ऑनलाइन यंत्रखेळांच्या एका डावाची मर्यादा प्रौढांसाठी पाच पौंड, तर अठरा ते चोवीस वयाच्या तरुणांसाठी केवळ दोन पौंड केली गेली. सज्ञान झालेल्या तरुणालाही आणखी काही वर्षे जपावे लागते, ही गोष्ट जुगाराला परवानगी देणाऱ्या राष्ट्रानेही मान्य केली आहे.

आपली मुले नेमकी याच वयात नागपूर-पुण्याला शिकावयास जातात. पहिले खाते, पहिला पगार आणि पहिले कर्ज हे सारे तेथेच. कर्जाच्या बाबतीत एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. पैजेत हरलेली रक्कम न्यायालयातून वसूल करता येत नाही; १८७२ च्या करार अधिनियमाचे तिसावे कलम तसे स्पष्ट सांगते. परंतु खेळण्यासाठी वित्तसंस्थेकडून घेतलेले कर्ज बुडाले असे मात्र कोणी समजू नये. विनापरवाना सावकाराने गाठले असेल तर २०१४ च्या सावकारी नियमन अधिनियमाखाली सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करावी. ऑनलाइन फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

पूर्वी अशा मुलाचे काय होत असे? पंच बसत, दंड करीत, प्रसंगी घराचे पाणी तोडीत. २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियमाने महाराष्ट्रात तो अपराध ठरला, आणि तो ठरला हे उत्तमच झाले. परंतु बहिष्काराचे एक सूक्ष्म रूप आपल्यात उरले आहे, तेवढे बोलल्यावाचून राहवत नाही. मुलाच्या कर्जाची कुणकुण लागताच सोयरिकीची बोलणी थांबतात. केवळ त्याची नव्हे, त्याच्या बहिणीचीही. या भयाने बाप शेत गहाण टाकतो, आई दागिना मोडते, आणि गोष्ट झाकली जाते. झाकलेले कर्ज वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू झालेल्या आपल्या वर्गीकरणात जुगाराच्या विकाराची नोंद केली आहे. मग ज्वर आलेल्या मुलाला वैद्याकडे नेताना आपण लाजत नाही, तर येथेच का लाजावे? १४४१६ हा शासनाचा मानसिक साहाय्याचा दूरध्वनी विनामूल्य आहे.

आणि स्वतःकडेही पाहू या. लग्नघरी रात्रभर पैसे लावून पत्ते कुटणाऱ्या मामांनी भाच्याला उपदेश करावा, हे शोभत नाही.

म्हणून दुपारच्या सर्वसाधारण सभेपुढे मी दोन सूचना मांडणार आहे. मंडळाच्या कोणत्याही जागेत व कार्यात, सणालाही, पैसे लावून खेळ होऊ नये. आणि ज्या तरुणाने आपले कर्ज स्वतः उघड केले असेल त्याचे हिशेब पाहून, वित्तसंस्थेशी बोलून हप्ते ठरवून देण्यासाठी समाजातील एक वकील, एक बँकेतील अनुभवी गृहस्थ आणि एक भगिनी अशी तिघांची समिती नेमावी. तिच्यापुढे आलेले नाव वधूवर-नोंदवहीपर्यंत कधीही पोहोचू नये. दुसऱ्या सूचनेला अद्याप अनुमोदक मिळालेला नाही. तो मातांपैकी कोणी व्हावा, अशी माझी विनंती आहे.