हेडफोन कोणाच्या कानाला?

(बहुभाषिक मेळाव्यांच्या तयारीसाठी झालेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)

मला आज यंत्रांविषयी बोलायला सांगितलं आहे. अनुवादाचे सेट कोणते घ्यावेत, भाड्याने घ्यावेत की विकत, एवढाच विषय. मी इंजिनिअर नाही. एम.एस.डब्ल्यू.ला दोन वर्षं काढली, त्यात मुलाखत कशी घ्यावी, गटाशी कसं बोलावं, हे शिकवलं. पण समोरच्या बाईची भाषा आपल्याला येत नसेल तर काय करायचं, हे कुणी शिकवलं नाही. ते शिकले सोलापुरात, विडी कामगार बायकांकडून, आणि चुका करूनच शिकले.

सोलापूर तुम्हाला माहीत आहे. विड्या वळणाऱ्या बायकांत पद्मशाली समाजाच्या तेलुगू बोलणाऱ्या बायका खूप. शिवाय कानडी आहे, उर्दू आहे, मराठी आहेच. सुरुवातीला आमच्या सभा मराठीत व्हायच्या. तेलुगू बायका मागे बसायच्या आणि त्यांच्यातली एखादी शिकलेली मुलगी कुजबुजत सांगायची. एकदा एक अक्का उठून दहा मिनिटं बोलली, बोलता बोलता रडली. मी त्या मुलीला विचारलं, "काय म्हणाल्या?" ती म्हणाली, "काही नाही, घरचा त्रास आहे म्हणाल्या." दहा मिनिटांचं दुःख चार शब्दांत संपलं! मुलीचा दोष नव्हता. आम्ही तिला आधी काही सांगितलं नव्हतं, हातात काही दिलं नव्हतं.

म्हणून पुढच्या मेळाव्याला आम्ही सेट भाड्याने आणले. आनंद होता. साऊंडवाला म्हणाला, "ताई, वायरलेस आहे, एक नंबर आहे." कोणत्या लहरींवर चालतो, हे आम्ही विचारलं नाही. दुपारच्या सत्रात एक बाई नवऱ्याच्या मारहाणीबद्दल मराठीत बोलत होती आणि दुभाषी तेलुगूत सांगत होती. आमची एक मुलगी चहा सांगायला बाहेर गेली आणि धावत परत आली. टपरीवरच्या रेडिओवर आमच्या दुभाषीचा आवाज येत होता. चार पुरुष उभे राहून ऐकत होते, हसत होते. तो सेट साध्या एफ.एम. रेडिओच्या पट्ट्यावर चालणारा निघाला. आम्ही सत्र थांबवलं. ती बाई मला एवढंच म्हणाली, "ताई, आता मी घरी कशी जाऊ?"

त्या रात्री आम्ही दोघी तिच्याबरोबर घरी गेलो. पुढचे काही महिने जात राहिलो. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. यंत्र निवडणं म्हणजे बाईची सुरक्षितता निवडणं आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

आता कामाचं सांगते. ढोबळ मानाने तीन प्रकारचे सेट मिळतात.

पहिला रेडिओ लहरींवरचा. तो भिंतीपार जातो, उघड्या मैदानात चालतो, मोर्चात, गावभेटीत सोयीचा. पण भिंतीपार जातो म्हणजे बाहेरही ऐकू जाऊ शकतो. त्यात काही डिजिटल सेट आवाज सांकेतिक करून पाठवतात. ते चांगले, पण महाग. साध्या एफ.एम. पट्ट्यावरचा सेट मात्र घेऊच नका. परवान्याशिवाय त्या पट्ट्यावर प्रक्षेपण करणं कायद्यातही बसत नाही.

दुसरा इन्फ्रारेडचा. यात आवाज डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशातून जातो. भिंत आली की थांबतो. दार लावा, खिडक्यांना पडदे लावा, बोलणं खोलीतच राहतं. अत्याचाराबद्दल बोलायचं असेल तर हाच घ्यावा. पण तो उन्हात नीट चालत नाही, म्हणजे मांडवात उपयोग नाही. आणि समोर कुणी उभं राहिलं, रिसीव्हर पदराखाली गेला, तरी आवाज तुटतो.

तिसरा लहान, हातात मावणारा सेट. पर्यटकांना वाटाडे वापरतात तसा. दुभाषी कोपऱ्यात बसून लहान माईकमध्ये हळू बोलते, वीस-तीस जणींच्या कानाला रिसीव्हर. बूथ लागत नाही, पिशवीत मावतो. आपल्या गटांना परवडणारा हाच. पण बहुतेक वेळा हाही रेडिओवरच चालतो, तेव्हा पहिली शंका इथेही विचारायची. शिवाय दुभाषीला हॉलचा गोंगाट ऐकत बोलावं लागतं, ती लवकर थकते. म्हणून एका भाषेला दोघी हव्यात, वीस ते तीस मिनिटांनी पाळी बदलायची.

तरुण मैत्रिणी म्हणतात, आता प्रत्येकीकडे फोन आहे, त्यावरच ऐकू. शहरातल्या बैठकीला चालेल. पण आपल्या किती जणींचा फोन खरोखर त्यांचा असतो? मुलगा घेऊन जातो, नवरा तपासतो, नेट संपलेलं असतं. आणि फोनमधलं यंत्रच भाषांतर करील म्हणाल, तर सोलापूरची तेलुगू मराठी मिसळलेली. नंदुरबारची पावरी, मेळघाटातली कोरकू, गडचिरोलीची माडिया राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांतही नाहीत. आधी त्या भाषा यंत्राला किती कळतात ते तपासा. शिवाय बाईचं बोलणं कुठल्या कंपनीच्या यंत्रात जाऊन पडतं, हे तिला सांगितल्याशिवाय ते वापरायचा आपल्याला हक्क नाही.

सेट घेण्याआधी तो बायकांच्या अंगावर घालून बघा. डोक्यावरून पट्टा येणारा हेडफोन पदरावर, बुरख्यावर बसत नाही. कानाला अडकवायचा चालतो. साडीला खिसा नसतो, म्हणून रिसीव्हरला गळ्यात घालायची दोरी हवी. मांडीवरचं मूल वायर ओढतं, म्हणून वायर आखूड हवी. जास्तीचे सेल हवेत. श्रवणयंत्र लावणाऱ्या बाईसाठी गळ्यात घालायची लूप मिळते, ती मागून घ्या. कर्णबधिर मैत्रिणींसाठी सांकेतिक भाषेची दुभाषी बोलणाऱ्या बाईशेजारी, उजेडात उभी राहिली पाहिजे, कोपऱ्यात नाही.

ही कला काही नवी नाही. 1945-46 साली न्यूरेंबर्गच्या खटल्यात इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांत एकाच वेळी अनुवाद चालत असे. बोलणारा फार वेगाने बोलला की पिवळा दिवा लागे, थांबायचं असेल तर लाल. आम्ही त्यावरून पिवळा कागद ठेवला आहे. दुभाषीने तो वर केला की वक्त्याने सावकाश बोलायचं, मग ते कितीही मोठे पाहुणे असोत! आपल्या लोकसभेत 1964 पासून अशी सोय आहे. 2004 साली मुंबईत गोरेगावला जागतिक सामाजिक मंच भरला, तेव्हा 'बेबल्स' या जाळ्यातल्या दुभाषींनी पैसे न घेता काम केलं. म्हणजे हे सरकारांना जमतं, तसंच चळवळींनाही जमतं.

यंत्र आणलं म्हणजे काम झालं असं नाही. दुभाषीला विषय दोन दिवस आधी द्या. पोटगी, मजुरीतली कपात, नापास केलेल्या विड्या, असे शब्द तिच्याबरोबर बसून ठरवा. तिने "मी" असंच बोलायचं, "ती म्हणते" असं नाही. ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, हे तिच्याशी स्पष्ट ठरवा. आणि तिला मानधन द्या. आपण बायकांच्या बिनमोल श्रमाबद्दल भाषणं करतो आणि दुभाषी मुलीला चहावर राबवतो, हे बरं नव्हे.

शेवटचा मुद्दा संख्येचा. आम्ही आधी हिशोब केला होता, तेलुगू बायका चाळीस, म्हणून रिसीव्हर चाळीस. म्हणजे काय झालं? मराठी त्यांच्या कानात जाणार, आणि त्यांची तेलुगू आमच्या कानात येणार नाही. समजून घेण्याचं ओझं नेहमी त्यांच्यावरच. आता आम्ही व्यासपीठासकट सर्वांना पुरतील एवढे मागवतो, आणि तेवढे परवडत नसतील तर मेळावा लहान करतो.

पहिल्यांदा तसं केलं तेव्हा सुरुवातच एका अक्काच्या तेलुगू भाषणाने झाली. आम्ही मराठी बायका हेडफोन कानाला लावायला धडपडत होतो, बटण सापडत नव्हतं. अक्का थांबली, आमच्याकडे बघून हसली आणि काहीतरी म्हणाली. कानात दुभाषीचा आवाज आला, "सावकाश लावा. मी थांबते. आम्ही इतकी वर्षं थांबलोच आहोत."

तेव्हा मैत्रिणींनो, सेट घ्यायला जाल तेव्हा साऊंडवाल्याला भाडं विचाराच. पण त्याआधी स्वतःला दोन गोष्टी विचारा. हे बोलणं खोलीबाहेर गेलं तर कुणाला घरी जाणं कठीण होईल? आणि हेडफोन कोणाच्या कानाला असणार आहे?